शीर्षकाखालची ओळ

अकोल्याच्या त्या छापखान्यात पाऊल टाकले की आधी वास येतो आणि मग माणसे दिसतात. ओल्या शाईचा वास, बांधणीच्या खळीचा वास, यंत्र पुसण्याच्या घासलेटाचा वास, आणि या सगळ्यांवर मात करून मालकांच्या टेबलावर सोलून ठेवलेल्या संत्र्याचा वास. बाहेर जानेवारीतही अकोल्याचे ऊन आपली ओळख विसरू देत नाही. आत कागदाच्या उंच थप्प्यांची सावली असते आणि त्या सावलीत सगळी पुस्तके एकाच रंगाची दिसतात. कोणते पाककृतींचे, कोणते कीर्तनाचे, कोणते कुणाच्या साठीच्या गौरवाचे, काही कळत नाही. कोरा कागद किती सुखी असतो! त्याला कोणी विचारत नाही की बाबा रे, तू कोणत्या प्रकारात मोडतोस?

आम्हाला मात्र विचारले गेले.

पुस्तक माझे नव्हे, माझ्या बायकोचे. मी आयुष्यभर कृषी खात्यात आकडे मांडत आलो. माझ्या हातून झालाच तर एखादा अहवाल होतो. करुणा अमरावतीच्या एका शाळेत मराठी शिकवते आणि येत्या एप्रिलअखेर निवृत्त होते. एखादे शिक्षक आले नाहीत की त्यांच्या वर्गावर तिला पाठवत, आणि त्या मोकळ्या तासाला ती गोष्ट सांगे. नेहमी एकच. उन्हाळ्यात आपल्या काळ्या जमिनीला हात आत जाईल एवढ्या भेगा पडतात. तशाच एका भेगेतून मैना नावाची मुलगी खाली उतरते आणि तिला जमिनीखालचे राज्य सापडते. तिथल्या विहिरी एक सर्प पिऊन टाकतो आहे. राजा कधीचा निघून गेला आहे, आणि तो परत येईल यावर आता फक्त काही म्हाताऱ्या बाया आणि एक तोतरा मोर विश्वास ठेवून आहेत. राजा येतो, पण धनगर होऊन येतो, खांद्यावर घोंगडी टाकून, आणि त्याला कोणी ओळखत नाही. पुढचे मी सांगत नाही, कारण ते तिने वर्गातही कधी सांगितले नाही. गोष्ट तिथवर येईतो परीक्षा येत, आणि पुढच्या वर्षी मुले नवी. शिवाय शेवट तिलाच ठाऊक नव्हता. तो तिला मागच्या पावसाळ्यात सापडला आणि 'भेगेखालचे राज्य' तीन भागांत पुरे झाले. आता तिची एकच इच्छा होती. शाळा सोडण्याआधी वर्गातल्या मुलांच्या हातात ही पुस्तके ठेवावीत, म्हणजे त्यांना तरी शेवट कळेल.

आणि हे सांगायला हवे की आम्ही ख्रिस्ती आहोत. माझे पणजोबा अचलपूरकडे शेती करीत आणि रविवारी त्याच बैलगाडीतून उपासनेला जात, तेव्हापासूनचे. त्यामुळे गोष्टीतला घोंगडीवाला राजा कोण, हे आमच्या घरात कुणाला सांगावे लागले नाही. प्रश्न बाकीच्यांचा होता. त्यांना सांगायचे का, आणि सांगायचे तर किती मोठ्या अक्षरात?

मराठी पुस्तकाच्या मुखपृष्ठावर नावाखाली एक बारीक ओळ असते. कादंबरी, कथासंग्रह, ललित, असे काहीबाही. वाचकाची नजर तिच्यावरून घसरून जाते. पण छापखान्याचे मालक बबनराव यांचा सगळा जीव त्या ओळीत. संत्र्याच्या फोडी आमच्यापुढे सरकवत ते म्हणाले, "ताई, नाव झकास हाय, चित्र झकास हाय. आता खालची ओळ सांगा."

"कादंबरी," करुणा म्हणाली.

"तेवढ्यानं भागत नाही ना. दुकानदार मले पयले हेच इचारते, ठेवू कुठी? कादंबरीत ठेवलं तं सर्प पाहून मोठे लोक म्हनतीन, पोराईचं हाय. पोराईच्यात ठेवलं तं जाडी पाहून पोरं पयतीन. धार्मिकात ठेवलं तं पंचांगाच्या आन व्रतकथेच्या मधात जाऊन बसन."

मला सरळ वाक्य आवडते. मी म्हणालो, "मग 'ख्रिस्ती अद्भुत कादंबरी' असं लिहा. जे आहे ते आहे."

बबनरावांनी चष्मा काढला. "भाऊ, माह्या मनात काही नाही. म्या तिन्ही भाग वाचले, मोराच्या पायी रडलो बी. पन ख्रिस्ती लिहाल तं गठ्ठा जसा गेला तसा वापस येईन."

"आणि नाही लिहिलं तर?"

"तं लोक वाचतीन." माणूस प्रामाणिक आहे. "वाचतीन, आन मंग कोनी तरी म्हनन, बाईनं आधी सांगतलं काहून नाही?"

करुणाने मुखपृष्ठाचा नमुना हातात घेतला. नावाखालची जागा रिकामी होती. तिने त्या रिकाम्या जागेवरून अंगठा फिरवला आणि वर्गात फळा पुसताना बोलते तशा शांत आवाजात म्हणाली, "मला लपवायचं नाही, आणि कुणाला दचकवायचंही नाही. खरा शब्द सापडेपर्यंत छापू नका."

"आन नाही सापडला तं?"

"तर नाही छापायचं."

बबनरावांनी माझ्याकडे पाहिले. मी संत्र्याकडे पाहिले. तिचे असे वाक्य एकदा आले की त्यात काना-मात्रेची दुरुस्ती होत नाही, हे मला लग्नापासून माहीत आहे.

परतीच्या एसटीत शेजारी एक गृहस्थ बसले. मूर्तिजापूर येण्याआधीच त्यांना माझ्याविषयी जिज्ञासा उत्पन्न झाली. "कोन्या गावचे?" मी म्हणालो, अमरावती. "तसं नाही, मुयातले?" अचलपूर. "आडनाव?" मी आडनाव सांगितले. आता आमचे आडनाव असे आहे की ते या भागातल्या चार-पाच समाजांत सुखाने नांदते. गृहस्थ गोंधळले. त्यांनी माझे कपाळ पाहिले. ते कोरे होते. करुणाच्या गळ्यातली काळी पोत पाहून ते निश्चिंत झाले आणि तिच्यातला इवलासा क्रूस पाहून पुन्हा चिंतेत पडले. बराच वेळ खिडकीबाहेरचे तुरीचे शेत न्याहाळून त्यांनी अखेर थेटच विचारले, "म्हंजे तुमी नेमके कोन?" मी म्हणालो, "अमरावतीपर्यंतचे प्रवासी." ते मोकळेपणाने हसले, सरकून बसले, आणि पुढे सबंध वाटेत आपल्या गुडघेदुखीविषयी बोलले.

मला त्यांचा राग आला नाही. खरे सांगू? माणूस दुसऱ्याला विचारतो तेव्हा त्याच्या मनात दर वेळी किल्मिषच असते असे नाही. समोरच्याशी काय बोलावे, काय टाळावे, चहाबरोबर काय पुढे करावे, हे ठरवायला त्याला बिचाऱ्याला काही तरी आधार हवा असतो. आपणही तेच करतो. बरणीवर नाव नसेल तर आपण झाकण उघडून वास घेतोच ना? गंमत एवढीच की बरणीला वाईट वाटत नाही.

पुण्यात नोकरी करणारी आमची मुलगी स्नेहा हिने हा पेच फोनवर ऐकला आणि ती हसत सुटली. पुस्तक ऑनलाइन विकायची व्यवस्था ती करणार होती. तिच्या म्हणण्याप्रमाणे तिकडे जगभर अशा ख्रिस्ती अद्भुत कथांचे ढीग पडलेले आहेत आणि त्यांच्या पोटजातीही ठरलेल्या आहेत. फक्त योग्य ती निवडायची.

"बाबा, एका जगातून दुसऱ्या जगात जातात ना, मग ते पोर्टल फॅन्टसी."

"पोर्टल म्हणजे सातबारा निघतो ते?"

"बाबा! दार. दार म्हणजे पोर्टल."

"पण इथं दार नाही, भेग आहे. दार कोणी तरी बसवलेलं असतं. भेग पाऊस न आल्यानं पडते."

"बरं, मग एपिक. युद्ध आहे, राज्य आहे."

"युद्ध तिसऱ्या भागात आहे, तेही संध्याकाळच्या आत आटोपतं."

"मग क्लीन फॅन्टसी लिहा. म्हणजे त्यात वावगं काही नसतं."

यावर करुणाने फोन आपल्याकडे ओढला. "क्लीन? अगं, मैना पहिल्या पानापासून चिखलात आहे. आणि माझं क्लीन म्हटलं की बाकीच्यांचं काय मळकं?"

"मग आई, सगळ्यात सोपं. अ‍ॅलेगरी. रूपककथा."

मला हा शब्द एकदम पटला. रूपककथा! भारदस्त, शालेय, कुणाला न दुखावणारा. मी तसे म्हणणार एवढ्यात करुणा उठून उभी राहिली. ती चिडली की उभी राहते, वर्गाची सवय.

"रूपकात एक वस्तू दुसरीच्या जागी नुसती उभी असते," ती म्हणाली. "उकललं की संपलं. माझा धनगर धनगर आहे. पावसात त्याच्या घोंगडीला मेंढ्यांचा वास येतो, त्याच्या टाचेला भेगा आहेत. रूपकाच्या टाचेला भेगा असतात का?"

मी आपल्या टाचा लुंगीखाली ओढून घेतल्या.

अशा वेळी माणूस आपल्याला येते ते करतो. मला पीक कापणी प्रयोग येतो. गावात यंदा पीक किती, हे सांगायचे असेल तर आम्ही सगळे गाव कापत नाही. आकड्यांच्या तक्त्यावरून, आपली आवड-निवड बाजूला ठेवून, एक शेत उचलतो. त्यात एक चौकोन आखतो. तेवढेच पीक कापून वजन करतो आणि त्यावरून गावाचा अंदाज बांधतो. त्यावरूनच मग पैसेवारी ठरते, आणि ती पन्नास पैशांच्या खाली गेली की दुष्काळ. ही पद्धत निःपक्षपाती आहे. हिच्या जोरावर मी कितीतरी तालुक्यांतली भांडणे मिटवली आहेत. मग बायकोची कादंबरी काय अवघड? एका रविवारी दुपारी करुणा झोपली असताना मी तिन्ही भागांचे हस्तलिखित काढले, तक्ता काढला, प्रत्येक भागातले एकेक पान उचलले आणि ओळींची विभागणी करायला बसलो. श्रद्धेच्या ओळी इकडे, अद्भुताच्या तिकडे, युद्धाच्या पलीकडे. ज्याचे माप जास्त, त्याचे नाव मुखपृष्ठावर. भक्तीची पैसेवारी पन्नासच्या आत आली तर काय करायचे, याची थोडी धाकधूक होती. पण आकडा आकडा असतो.

पहिल्या भागातल्या पानावर मैना आणि म्हाताऱ्या बाया ज्वारीच्या कण्या शिजवीत होत्या. दुसऱ्या भागातल्या पानावर मोर तोतरत तोतरत कढी फुटू नये म्हणून काय करावे हे समजावीत होता. तिसऱ्यावर अखेर घनघोर युद्ध निघाले, पण नेमकी त्याच पानावर दोन्ही सैन्ये जेवायला थांबली होती. मी पुनःपुन्हा मोजले. माझ्या शास्त्रशुद्ध पाहणीनुसार ही मालिका पाकशास्त्रात मोडत होती.

करुणा उठली तेव्हा मी निष्कर्ष तिच्यापुढे ठेवला. लपवणे माझ्या तत्त्वात नाही. ती हसून हसून पलंगावर आडवी झाली. "अहो, तुम्ही चौकोन नेमका चुलीवर आखला!" मग डोळे पुसत म्हणाली, "आणि तितकंसं चूकही नाही. आपल्या प्रभूचं निम्मं काम लोकांच्या पंगतीला बसूनच झालं की."

हसणे झाले, पण अडचण तिथेच राहिली. शाळेचे मुख्याध्यापक सज्जन आहेत; त्यांनी तिला सांगितले, "मॅडम, खुशाल वाटा. फक्त वर काय छापणार ते मला आधी कळवा. उद्या एखाद्या पालकाने विचारलं तर मला उत्तर देता आलं पाहिजे." त्यात गैर काय होते? आणि आमच्या चर्चचे शामरावकाका? ते परतवाड्याचे, हाडाचे शेतकरी, पंचमंडळातले सगळ्यांत ज्येष्ठ. त्यांनी पहिला भाग वाचायला नेला आणि दुसऱ्या दिवशी सकाळीच आणून दिला.

"करुणाबाई, याच्यात साप बोलून राह्यला."

"काका, शास्त्रात तर साप सुरुवातीलाच बोलतो. पुढं गाढवीही बोलते."

"तो शास्त्रातला साप व्हय. त्याले परवानगी हाय." काका कठड्यावर बसले. "मी काय म्हनतो, प्रभूची गोष्ट हाय तं त्याचं नाव मोठ्या अक्षरात टाक. नसन टाकायचं तं त्याले गोष्टीत आनूच नको. हे असं घोंगडी पांघरून, तोंड लपवून कायले?"

ते गेल्यावर ती बराच वेळ पायरीवर बसून होती. मी शेजारी जाऊन बसलो. मला तिला काही उपाय सांगायचा होता, पण माझ्याकडे फक्त तक्ते होते. ती म्हणाली, "इतकी वर्षं मी त्या पोरांकडून दिवाळीवर निबंध लिहून घेतले, ईदवर घेतले, भीमजयंतीवर घेतले. एकाही आईनं विचारलं नाही की बाई, तुम्ही कोण. आता जाता जाता मीच एक शब्द छापायचा आणि त्यांना विचारायला लावायचं? आणि नाही छापला तर... काका म्हणतात ते मलाही टोचतंच आहे." तिने हस्तलिखित कपाटात ठेवले. मार्चमध्ये छपाई सुरू झाली नाही तर एप्रिलमध्ये वाटप नाही, हे दोघांनाही माहीत होते.

फेब्रुवारीत आमच्या चर्चमध्ये पहिल्या फळांची उपासना असते. ज्याच्या शेतात, परसात, हाताला जे पिकले त्यातले पहिले प्रत्येकाने आणायचे. वेदीपुढे ढीग लागतो. तुरीची पोती, संत्र्यांच्या पाट्या, केळीचे घड, कोहळे, पाय बांधलेल्या कोंबड्या. आणि प्रवचन रंगात आले की नेमकी तेव्हाच एखादी कोंबडी 'आमेन' म्हणते. उपासना संपली की अंगणात या सगळ्याचा लिलाव. माल चोख असतो, म्हणून आसपासचे, सगळ्या धर्मांचे शेजारी पिशव्या घेऊन येतात. आमच्या मागच्या गल्लीतल्या वनमालाताई तर कित्येक चर्चवाल्यांपेक्षा नेमाने येतात. त्यांची धाकटी पिंकी करुणाच्या वर्गात.

करुणा दर वर्षी लिंबाचे लोणचे नेते. या वेळी तिने लोणच्याबरोबर पदराआड आणखी काही तरी घेतले. बबनरावांनी नमुन्यादाखल पहिल्या भागाची एकच प्रत बांधून पाठवली होती; मुखपृष्ठावर रंगीत मोर, आणि नावाखालची जागा कोरी. "छापलं नाही तरी," ती म्हणाली, "माझ्या हाताला यंदा पिकलं ते हेच आहे." तिने ती प्रत दोन कोहळ्यांच्या मधे ठेवली.

लिलाव पुकारतात शामरावकाका. त्यांचा एक नेम आहे. वस्तू कुठली आणि वाण कोणते, हे सांगितल्याशिवाय ते बोली सुरू करीत नाहीत. "हे केळ अंजनगावचं!" "हे तूर यंदाची, लाल!" न सांगता विकणे म्हणजे त्यांच्या लेखी पाप. कोहळे गेले, आणि काकांच्या हाती पुस्तक आले. त्यांनी नाव वाचले. नावाखाली पाहिले. पुस्तक उलटे करून पाठ पाहिली, जणू खाली देठ असेल. मग त्यांनी भर अंगणात आवाज दिला, "करुणाबाई, वाण कोनतं?"

सगळ्या माना वळल्या. इतक्या दिवसांत, इतक्या शब्दांना नकार देऊन झाला होता. आणि आता ऊन डोक्यावर, लोक पिशव्या घेऊन खोळंबलेले. मागून कोणी तरी ओरडले, "काका, संकरित असन! इकडचा मोर, तिकडचा देव!" आणि हशा पिकला.

करुणा उभी राहिली. म्हणजे चिडली.

"संकरित नाही," ती म्हणाली. "गावरान आहे."

हशा थांबला. काकांनी भुवया वर केल्या. "गावरान? मंग ख्रिस्ती कुठी गेलं?"

"कुठं जाईल काका? गावरान ख्रिस्ती. तुम्ही जसे."

लोकांनी काकांकडे पाहिले. डोक्यावर पांढरी टोपी, अंगात बंडी, पायात परतवाड्याच्या मोच्याने शिवलेली वहाण. आणि नुकतीच उपासनेत त्यांनी जी प्रार्थना केली होती, तिच्यात त्यांनी देवाला 'बापा, कपाशीले भाव भेटू दे गा' असे स्वच्छ वऱ्हाडीत सांगितले होते. हशा पुन्हा उसळला, पण या वेळी तो काकांपासून सुरू झाला. ते पोट धरून हसले, मग पोत्यांवर खुणा करायची जाड पेन्सिल त्यांनी कानावरून काढली, पुस्तक मांडीवर टेकवले आणि त्या कोऱ्या जागेवर, जराशा तिरक्या ओळीत, स्वतःच्या हाताने लिहिले: गावरान ख्रिस्ती. मग पुस्तक डोक्यावर धरून पुकारले, "गावरान ख्रिस्ती अद्भुत कादंबरी! अमरावतीची! बोला!"

बोलीत दोन-तीन जण होते, पण वनमालाताईंपुढे कोणी टिकले नाही. त्यांनी प्रत्येक बोलीबरोबर "त्याच्यात एक कोहळा टाका" अशी अट घातली. लिलावात घासाघीस करणारे माणूस मी पहिल्यांदाच पाहिले. कोहळा त्यांना मिळाला नाही, पुस्तक मिळाले.

घरी येताना मी म्हणालो, "सापडला की शब्द! करू का बबनरावांना फोन?" करुणा मान हलवून म्हणाली, "थांबा. आपली माणसं हसून मोकळी झाली. ज्यांच्या पोरांच्या हातात द्यायचं, त्यांचं अजून कुठं कळलंय?" तेव्हापासून ती रोज धुणे वाळत घालायला मागच्या अंगणात जरा जास्तच वेळ लावू लागली.

तिसऱ्या की चौथ्या दिवशी वनमालाताई भिंतीपाशी आल्या. मी झाडांना पाणी घालत होतो. पुस्तक त्यांच्या हातात होते. हळदीचा डाग पडलेला, कान दुमडलेले.

"मॅडम," त्यांनी सरळच विचारले, "तो घोंगडीवाला म्हंजे तुमचा येशूच व्हय ना?"

करुणाच्या हातातली ओली चादर तशीच राहिली. "हो," ती म्हणाली. "तोच."

"मले वाटलंच. वर लिवलंच हाय म्हना." वनमालाताईंनी पुस्तक भिंतीवर ठेवले आणि तक्रारीचा सूर लावला. "पन एक सांगतो, राग मानू नका. त्याले मेंढ्या राखता येत नाही. आमचे बाप मेंढ्या राखत होते, मले कळते. एक मेंढी हरवली तं बाकीच्या साऱ्या रानात टाकून हा तिच्या मांगं! लांडगा आला असता तं? असं कोनी करते का?"

मी पाण्याची झारी खाली ठेवली. आकड्यांचा माणूस म्हणून मला त्यांचे म्हणणे पूर्णपणे मान्य होते, आणि लहानपणी चर्चच्या रविवारच्या शाळेत येशूच्या हरवलेल्या मेंढीच्या गोष्टीवर हाच प्रश्न विचारून मी कोपऱ्यात उभा राहिलो होतो. पण करुणा हसत होती. कित्येक आठवड्यांनी, आवाज न करता, खांदे हलवत.

"पिंकीनं वाचलं का?" तिने विचारले.

"तिच्या हाती लागू देल्लं तं ना! आज देतो. दुसरा भाग द्या मले. आन शाळेतल्या पोराईले खुशाल वाटा तुमी. कोनी काही म्हनलं तं माह्याकडं पाठवा, मी सांगतो."

"काय सांगाल?"

वनमालाताईंनी पदर खोचला आणि थोडा विचार केला. "सांगीन, वर लिवलं हाय तेच आत हाय. मेंढ्याईचा हिशेब तेवढा कच्चा हाय."

करुणा दुसऱ्या भागाचे कागद आणायला घरात पळाली. या वयात, ओल्या हातांनी. मी बबनरावांना फोन लावला आणि ओळ सांगितली. पलीकडून यंत्राची धडधड ऐकू येत होती. "भाऊ," ते म्हणाले, "असा कप्पा कोन्याच दुकानात नाही."

"नसू द्या," मी म्हणालो. "छापा."